आजोबांना नकोशी, नातवाला हवीशी: वाडवडिलांच्या जेवणाबद्दल असं उलटसुलट का वाटतं?

पुण्यात किंवा सोलापुरात हल्ली लग्नाला गेलं की पंगत क्वचितच दिसते, काउंटर दिसतात. त्यातला एक हमखास 'गावरान' नावाचा. शोभेची चूल, नऊवारीतली एक बाई, समोर थापली जाणारी भाकरी, पिठलं, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. तिथे रांग कुणाची असते ते बघा. पंचविशी-तिशीतली मंडळी फोन काढून उभी असतात. सत्तरीतले काका, आजोबा त्या बाजूला न बघता जिलबी आणि पनीरकडे निघालेले असतात. आग्रह केलाच तर उत्तर ठरलेलं: "जन्मभर तेच खाल्लं की गं. आता लग्नात पण भाकरीच खायची का?"

घर एक, पदार्थ एक, आणि भावना तीन तऱ्हेच्या. आजोबांना कंटाळा, मधल्या पिढीला थोडी लाज, नातवाला अभिमान. हे कोडं जगात सगळीकडेच आहे, पण आपण ज्वारीच्या भाकरीला धरून ते सोडवायचा प्रयत्न करू, कारण भाकरीचा गेल्या साठ वर्षांतला प्रवास आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. माझं मत आधीच सांगते. पूर्वजांच्या खाण्याबद्दल आपल्याला काय वाटतं, ते चवीवर ठरतं त्यापेक्षा जास्त एका प्रश्नावर ठरतं: तो पदार्थ खाण्यावाचून दुसरा इलाज होता की नव्हता?

आधी जिभेचं आणि नाकाचं

आवडीनिवडी आपण जन्माला येताना फार थोड्या घेऊन येतो. गोड आवडतं, कडू नको वाटतं, एवढं बहुतेक तान्ह्या बाळांत सारखं. बाकीचं शिकलेलं असतं, आणि ही शिकवणी पोटात असतानाच सुरू होते. आई जे खाते त्यातले काही वास गर्भजलात उतरतात, पुढे अंगावरच्या दुधातही येतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक साधा प्रयोग करून २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस दिला, काहींना नुसतं पाणी. पुढे बाळं वरचं खायला लागल्यावर त्यांना गाजराच्या रसात कालवलेली पेज चारली. पोटात असताना गाजराशी ओळख झालेल्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. लसणाची चटणी आपल्या पोरांना पुढे 'आपली' वाटते, त्याचं मूळ इतकं मागे जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट वासाची. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला बराच भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो. सर्दीत आमटी बेचव लागते ती म्हणूनच. इतर इंद्रियांकडून येणारी खबर मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे वाटली जाते. वासाला तो वळसा घ्यावा लागत नाही. भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत तो जवळच्या वाटेने पोहोचतो. तव्यावर मिरच्या आणि शेंगदाणे भाजले जात असताना एखाद्याला एकदम आजोळ आठवतं, त्यात गूढ असं काही नाही.

मात्र वास आठवण आणतो तेव्हा ती गोडच असेल असं नाही. ज्याच्या लहानपणी भाकरीसोबत उन्हाळ्याची सुट्टी होती त्याला सुट्टी आठवेल. ज्याच्या लहानपणी भाकरीसोबत दुष्काळी कामावरची खडी होती त्याला खडी आठवेल. शरीरशास्त्र एवढंच सांगतं की आठवण घट्ट बसते. ती गोड का कडू, हे त्या घराची परिस्थिती ठरवते.

भाकरी ताटात खाली कशी सरकली

देशावर ज्वारी, नगर-नाशिककडच्या कोरड्या पट्ट्यात थंडीत बाजरी, कोकणच्या आणि मावळच्या डोंगराळ भागात नाचणी, ही जुनी विभागणी. गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुण्याला. ज्या गावात भाताचं खाचर नाही तिथे भात म्हणजे चैन. म्हणजे उतरंड पूर्वीपासून होतीच. पाहुणा आला आणि पोळी न करता भाकरी वाढली तर घरच्या बाईला अवघडल्यासारखं व्हायचं.

ही उतरंड पक्की झाली ती १९६० नंतर. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेहून गहू येत होता. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं, पाठोपाठ मेक्सिकोहून बुटक्या जातीच्या गव्हाचं बियाणं आलं आणि हरितक्रांती सुरू झाली. सरकारने खरेदीची, गोदामांची आणि रेशनची जी यंत्रणा उभी केली ती मुख्यतः गहू आणि तांदळाभोवती. ज्वारीच्या वाट्याला संशोधन आलं नाही असं नाही. १९६४ मध्ये पहिलं संकरित वाण, सीएसएच-१, आलं आणि खरिपात उत्पन्न वाढलं. पण ही 'हायब्रीड' ज्वारी कणसात दाणा भरायच्या वेळी पावसात सापडली की काळी पडायची, आणि तिच्या भाकरीला खाणाऱ्यांनी कधी मनापासून चांगलं म्हटलं नाही. मालदांडी ही रब्बीची जुनी ज्वारी तिच्यापुढे टिकून राहिली. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला एम ३५-१ हा तिचा प्रकार आजही पेरला जातो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मग १९७२ चा दुष्काळ. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, दोन शब्द लगेच निघतील: सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लालसर ज्वारी. ती रेशनवर मिळायची, तिची भाकरी नीट व्हायची नाही, झाली तरी घशाखाली उतरायची नाही. "जनावरांचं खाणं आणून दिलं आम्हाला" हे वाक्य मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अजून ऐकू येतं. दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावर ती भाकरी खावी लागलेल्या माणसाला पुढे मुलाच्या ताटात गव्हाची पोळी बघून काय वाटलं असेल? त्याच्यासाठी ती पोळी 'आपण त्यातून बाहेर पडलो' याची खूण होती. लग्नातल्या गावरान काउंटरकडे पाठ फिरवणाऱ्या आजोबांना पूर्वजांच्या अन्नाची किंमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

आकडाही बोलका आहे. १९७० च्या सुमारास देशात सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टरवर ज्वारी होती. आता ती ४० लाख हेक्टरच्या आसपास उरली आहे. शेतातून गेली, रेशनवर फारशी आली नाही, मग शाळेच्या डब्यातूनही गेली. शहरात आलेल्या कुटुंबातल्या मुलाने डब्यात भाकरी असली की झाकण अर्धवट उघडं ठेवून खायचं, हा अनुभव एकट्यादुकट्याचा नाही. भाकरी गार झाली की वातड होते, घडी मोडते, तुकडे पडतात. पोळीची सुरळी कशी गपकन खाता येते. तेवढ्या फरकावरून 'गावठी' हा शिक्का बसायचा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर हा हिशोब सरळ छापलेला होता: तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. दहाच वर्षांनी, २०२३ मध्ये, भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष साजरं केलं आणि अर्थसंकल्पात त्याच धान्यांना 'श्रीअन्न' म्हटलं गेलं. धान्य तेच राहिलं, खाणारा बदलला. आज शहरातल्या दुकानात चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग मिळते आणि ती घेणाऱ्याला गहू परवडत नाही म्हणून तो घेत नसतो.

'आपले पूर्वज किती सकस खायचे'

या वाक्याजवळ जरा थांबायला हवं. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. ज्वारीत चोथा चांगला असतो. हे खरं आहे. पण १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी पेलाग्रा या रोगाचा अभ्यास करत होते. अंगाचा उघडा भाग उन्हात भाजल्यासारखा काळवंडतो, जुलाब लागतात, डोकं ठिकाणावर राहत नाही, असा हा रोग. जगात इतरत्र तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांत दिसला होता. इथे तो दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत सापडत होता. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिन या जीवनसत्त्वाचं गणित बिघडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कारणावर पुढे वाद झाले. पण कुणाला हा रोग होत होता, यावर वाद नाही: ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं त्यांना.

भाकरी, त्याबरोबर डाळ, पालेभाजी, ताक, शेंगदाणे, कधी मासळी किंवा मटण, हे उत्तम जेवण. नुसती भाकरी आणि मीठ-मिरची ही उपासमार. आपण आज 'पारंपरिक आहार' म्हणून जो मिरवतो तो बहुधा बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घराच्या चांगल्या दिवसांचा आहार असतो.

थापणारीला विचारलंय का?

घरच्या जुन्या पदार्थांविषयी हळवं होणारे बहुतेक लोक ते खाणारे असतात. करणाऱ्यांचा सूर निराळा असतो, आणि तो फारसा छापला जात नाही.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. म्हणजे पीठ मळलं म्हणून ते आपोआप एकजीव होत नाही. त्यासाठी पाणी कढत लागतं. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. पीठ ताजं हवं, जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा चिरतात. पीठ एकदम मळून ठेवून चालत नाही. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, तळहाताच्या मुळाने रगडून रगडून मऊ करायचा, परातीत पीठ भुरभुरायचं, बोटांनी फिरवत थापायची. मग उचलून तव्यावर टाकायची ती पिठाची बाजू वर ठेवून, लगेच पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या बेतात उलटायची आणि शेवटी विस्तवावर शेकायची. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगली तर जमली. बाजरीचं आणखी एक: तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठवड्याभरातच कडवट होऊ लागतं. म्हणून दळण थोडं थोडं आणि वारंवार.

हे सगळं सात-आठ माणसांच्या घरात, दोन वेळा, धुराच्या चुलीपुढे बसून. त्याआधी पहाटे जात्यावर दळण. जात्यावरच्या ओव्या आज आपण कौतुकाने ऐकतो. ओवी गाणाऱ्या बाईला मात्र गावात पिठाची गिरणी आली तेव्हा हायसं वाटलं असणार. माझ्या ओळखीच्या एका आजींना भाकरी करायला शिकवा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "शिकवते, पण रोज करू नकोस. एकदा येते म्हणून कळलं की सुटका नाही." पूर्वजांच्या अन्नाबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

जे मुद्दाम सोडलं, ते

काही पदार्थ विसरले गेले नाहीत, ठरवून सोडले गेले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मेलेल्या जनावराचं मांस आणि गावातून मागून आणलेले शिळे तुकडे खाणं बंद करा, असं सांगितलं. ते अन्न पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं, त्या अर्थाने 'पारंपरिक'च. पण ती परंपरा लादलेली होती. गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून गावाने जे टाकलं ते खायचं, अशी ती व्यवस्था. सोडणं हाच तिथे स्वाभिमान होता.

आज त्याच समाजातली काही मंडळी चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, किंवा रक्ती, म्हणजे जनावराचं शिजवलेलं रक्त, अशा पदार्थांविषयी मोकळेपणाने लिहू-बोलू लागली आहेत. ज्या घरांना अन्न टाकून द्यायची सोय नव्हती तिथे जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवता, बेताच्या तेल-मसाल्यात तो चविष्ट करायचं कसब होतं, आणि मराठी खाद्यसंस्कृतीच्या पुस्तकांत त्याला जागा मिळाली नव्हती. ज्यांनी सोडलं ते बरोबर होते, आणि जे नोंदवून ठेवताहेत तेही बरोबर आहेत. फरक मधल्या नव्वद-शंभर वर्षांचा आहे.

किळस या भावनेचाही यात हात असतो. नासकं खाऊन विषबाधा होऊ नये म्हणून किळस उपयोगी. पण माणसांत ती फार चटकन 'आपण' आणि 'ते' अशी रेघ ओढायच्या कामाला लागते. सुकट भाजल्याचा वास घाण असतो असं कुणी जन्मतः समजत नाही. शेजारचं दार धाडकन लागलं की समजतं. मुंबईत भाड्याचं घर शोधताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे ऐकलेली कोकणातली कुटुंबं सुके बोंबील घरी आणणं हळूहळू कमी करतात, आणि मग एखाद्या हॉटेलात त्याच बोंबलाच्या चटणीला भरपूर पैसे मोजतात. वास तोच, पण हॉटेलात दार आपटणारं कुणी नसतं.

लांब गेलं की काय उरतं

कोकणातले बेने इस्राएली ज्यू शतकानुशतकं रायगडच्या गावांत राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा त्यांचा धर्मनियम, त्यामुळे मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध. कोकणात ते अंगणातच. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले, बेरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत स्थिरावले. रोजचं खाणं तिथल्यासारखं होत गेलं. पण मलिदा टिकला. गोड केलेले भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, सुकामेवा, वेलची, भोवती फळं, असं ताट प्रेषित एलियाहूच्या नावाने लग्नकार्याला किंवा नवस फेडताना मांडतात. एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणजे पदार्थाचा पत्ताही कोकणातलाच.

स्थलांतरित समाजांत हे बहुतेक ठिकाणी दिसतं. रोजच्या ताटातलं आधी जातं, सणासमारंभाचं शेवटपर्यंत राहतं. रोजच्या खाण्याला वेळ, बाजार आणि मुलांचा हट्ट यांच्याशी झगडावं लागतं. वर्षातून दोनदा करायच्या पदार्थाला तेवढा त्रास नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरात पुरणपोळी होते किंवा फ्रीझरमधून निघते. मेथीची पातळ भाजी आणि भाकरी रोजच्या रात्री होईलच असं नाही. परदेशी गेलेली माणसं पदार्थाचं जुनं रूपही तसंच धरून ठेवतात. इकडे आपण पुरणपोळीत चॉकलेट घालून मोकळे झालो, तिकडे कुणी जायफळाऐवजी दुसरं काही घातलं तरी "आमच्याकडे असं नसतं" म्हणून वाद होतो.

आणि 'परंपरा' म्हणजे किती जुनी?

एकादशीचं ताट घ्या (दुप्पट खायचं असलं तरी). साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. आज आपला बराचसा साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या भागातून येतो. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हीसुद्धा अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपी व्यापाऱ्यांच्या वाटेने आलेली. म्हणजे सोवळ्यातल्या आजीची उपासाची खिचडी जवळजवळ पूर्ण परदेशी सामानाची. ज्वारी, बाजरी, नाचणी तर मुळात आफ्रिकेतल्या. फक्त त्यांना इथे येऊन काही हजार वर्षं झाली.

यावरून परंपरा खोटी ठरत नाही. एखादा पदार्थ 'आपला' वाटायला तो मुळापासून इथला असावा लागत नाही; आपल्या आज्यापणज्यांनी तो पुरेसा काळ, पुरेशा सवयीने केलेला असला की झालं. तीनचार पिढ्या त्याला सहज पुरतात. पावभाजीबद्दल हळवे होणारे मुंबईकर आता आजोबा झालेत.

घरातल्या जुन्या पाककृती लिहून ठेवायचं काम हल्ली बरेच जण करतात. तसं कुणी करत असेल तर जिन्नस आणि प्रमाण यांच्या जोडीला आणखी थोडं विचारावं. हे रोज व्हायचं की सणाला? कोण करायचं, किती जणांचं? घरात आधी कुणाच्या ताटात पडायचं आणि शेवटी बसणाऱ्याला काय उरायचं? परवडायला लागल्यावर पहिल्यांदा काय बंद केलं? शेवटच्या प्रश्नाला म्हातारी माणसं जरा चाचरतात, मग भरभरून बोलतात. बहुतेक वेळा सुरुवात मिलोपासूनच होते.